सात बाय आठ म्हणजे छप्पन्न?

या खेपेला एकाच सुराची पत्रं जास्त आली आहेत. मूल हायस्कूलला निघालंय आणि गणिताचं नाव काढलं की घरातल्यांचे चेहरे उतरतात. त्यातली पाच पत्रं निवडली, नावं नेहमीप्रमाणे काढून टाकली. मी चौतीस वर्षं आठवी ते दहावीला गणित शिकवलं. त्यातली पहिली दहाएक वर्षं बरंच चुकीचं शिकवलं, त्यामुळे उत्तरांत माझ्या चुकाही येतील.

प्रश्न : बाई, माझा मुलगा आता नववीत जाईल. आतापर्यंत गणितात कसाबसा काठावर पास होत आला. पुस्तक समोर ठेवलं की पेन्सिल हातात धरून अर्धा अर्धा तास नुसता बसतो. ओरडलं तर डोळ्यांत पाणी, समजावलं तर ‘मला गणित येतच नाही’. सुट्टीत नववीचं पुस्तक आधीच करून घेऊ का? की क्लास लावू?
— एक आई

उत्तर : ताई, नववीचं पुस्तक सध्या कपाटात राहू द्या. आधी एवढंच करा : त्याला गणित सोडवायला सांगू नका, वाचायला सांगा. मोठ्याने.

हे मला एका मुलाने शिकवलं. उंच, आवाज नुकता फुटलेला, बाकावर पाय मावत नव्हते त्याचे. वहीत ७/८ लिहिलेलं होतं. म्हटलं, ‘वाच.’

‘सात बाय आठ.’

‘म्हणजे किती?’

त्याने माझ्याकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं, आणि हळूच म्हणाला, ‘छप्पन्न?’

मी हसले नाही, हे माझं नशीब. कसं काढलंस म्हणून विचारलं, तर म्हणाला, ‘खोली दहा बाय बाराची असली की एकशे वीस होतात ना?’ बरोबरच होतं की त्याचं! घरातला ‘बाय’ गुणाकाराचा, वर्गातला ‘बाय’ भागाकाराचा. हे दोन बाय वेगळे आहेत हे इतक्या वर्षांत त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. आणि तो समजत होता की आपलं डोकंच चालत नाही.

आम्ही ‘बाय’ला सुट्टी दिली. कागदाची एक लांब पट्टी घेतली, तीनदा अर्धी अर्धी दुमडली, उलगडली. आठ सारखे भाग झाले. छेद या शब्दाचा अर्थच कापणं. किती सारखे तुकडे केले ते छेद सांगतो, त्यातले किती घेतले ते अंश सांगतो. त्याने सात भाग रंगवले. ‘पट्टी पूर्ण व्हायला किती राहिलं?’ ‘एक तुकडा.’ ‘मग सात छेद आठ म्हणजे साधारण किती?’ ‘एक... एकाला जरा कमी.’ छप्पन्नवरून एकाला जरा कमीवर यायला आम्हाला दहा मिनिटं लागली आणि त्यात सूत्र एकही नव्हतं.

तुमचा मुलगा यात एकटा नाही. अमेरिकेत १९७७-७८च्या एका देशव्यापी चाचणीत तेरा वर्षांच्या मुलांना विचारलं होतं : १२/१३ अधिक ७/८ हे साधारण किती होतील, १, २, १९ की २१? अचूक बेरीज मागितलीच नव्हती, नुसता अंदाज. दोन्ही अपूर्णांक एकाला लागून आहेत, म्हणजे उत्तर २. ते फक्त २४ टक्के मुलांनी निवडलं. निम्म्याहून अधिक मुलांनी १९ किंवा २१वर खूण केली. वरच्यांची बेरीज १९, खालच्यांची २१! आकडे त्यांना दिसत होते, त्यामागची संख्या दिसत नव्हती.

म्हणून सुट्टीतले तीन आठवडे रोज पंधरा-वीस मिनिटं एक शब्दवही करा. रोज दोन शब्द, जास्त नको. प्रत्येक शब्दापुढे त्याच्या भाषेत एक वाक्य, एक उदाहरण, आणि एक ‘हे नव्हे’. हे ‘हे नव्हे’ फार कामाचं असतं. मूळ संख्या : ७ आहे; ९ नव्हे, कारण तीन त्रिक नऊ. १? तीही नव्हे, कारण मूळ संख्येला बरोबर दोन विभाजक लागतात आणि एकाला एकच आहे. आणि २? सम असून मूळ, तशी ती एकटीच. एवढं बोलणं झालं की तो शब्द त्याचा झाला. अंश, छेद, पट, फरक, विभाजक, विभाज्य, वर्ग, घात, गुणोत्तर, किमान, कमाल असे तीस-चाळीस शब्द पक्के झाले तर नववीचं पुस्तक त्याला परक्या मुलखातलं वाटणार नाही. शाळेत गणित इंग्रजीतून असेल तर शेजारी तोही शब्द देवनागरीत लिहू द्या. ‘फॅक्टर’ आणि ‘फ्रॅक्शन’ यांत वर्षभर गोंधळलेली मुलं मी पाहिली आहेत. कानाला सारखे लागतात, दुसरं काही कारण नाही.

दशांश अपूर्णांक मुद्दाम वाचून घ्या. ३.७ आणि ३.४५ यांत मोठी कोणती? ‘तीन पॉइंट पंचेचाळीस’ असं वाचणारं मूल ३.४५ म्हणणारच, पंचेचाळीस सातापेक्षा मोठे ना! ‘तीन पूर्णांक सात दशांश’ आणि ‘तीन पूर्णांक पंचेचाळीस शतांश’ असं वाचायला लावा. किंवा नुसतं ‘चार पाच’ सुटं म्हणू द्या. वाचन सुधारलं की अर्ध्या चुका आपोआप गळतात.

क्लासचं म्हणाल तर क्लासमध्ये वेग मिळतो. न कळलेल्या गोष्टीचा वेग वाढवून काय करायचं? शाळा सुरू होऊन महिना झाला की पुन्हा विचार करा. तोवर तो ‘येतच नाही’ म्हणाला की वाद घालू नका, एवढंच विचारा : ‘कुठला शब्द अडला?’ पहिल्या आठवड्यात ‘सगळेच’ असं उत्तर मिळेल. मग बोट ठेवायला सांगा.

प्रश्न : बाई, मी नववीत जाणार आहे. माझे मसावि आणि लसावि नेहमी उलटे होतात. १२ आणि १८चा मसावि मी ३६ लिहिला, कारण महत्तम म्हणजे मोठ्यात मोठा. सर म्हणाले पाठ कर. आणि –३ – ५ हे अधिक ८ का नाही? ‘उणे उणे अधिक’ असंच शिकवलंय आम्हाला.
— एक विद्यार्थिनी

उत्तर : बाळा, तू ‘महत्तम’चा अर्थ बरोबर लावलास. फक्त शब्दाच्या डोक्याकडे पाहिलंस आणि शेपटीकडे पाहायचं राहिलं. महत्तम सामाईक *विभाजक*. लघुतम सामाईक *विभाज्य*. खरी वस्तू शेवटी बसली आहे.

विभाजक म्हणजे जो भागतो. १२चे विभाजक १, २, ३, ४, ६, १२. अठराचे १, २, ३, ६, ९, १८. दोघांत सामाईक १, २, ३, ६, आणि त्यांतला मोठ्यात मोठा ६. विभाजक संख्येपेक्षा मोठा होऊच शकत नाही, म्हणून ‘महत्तम’ असूनही मसावि १२च्या पुढे जाणार नाही. विभाज्य म्हणजे ज्याला पूर्ण भाग जातो : १२, २४, ३६, ४८... याला अंत नाही. त्यामुळे ‘महत्तम सामाईक विभाज्य’ कुणी विचारत नाही, तो नसतोच. आणि ‘लघुतम सामाईक विभाजक’ही कुणी विचारत नाही, कारण तो कायम १. विचारण्याजोगं जे उरतं तेवढंच विचारतात! तुझा ३६ हा लसावि आहे. ६ आणि ३६ यांचा गुणाकार करून बघ, आणि १२ आणि १८चाही. दोन्हीकडे २१६ येतील. उत्तर तपासायला ही सोय वापर.

‘उणे उणे अधिक’ हे अर्धंच वाक्य आहे, आणि अर्ध्या वाक्यांनी फार मुलांचा घात केलाय. पूर्ण वाक्य असं : ऋण संख्येला ऋण संख्येने *गुणलं* तर धन संख्या येते. तुझ्या उदाहरणात गुणाकार आहे कुठे? ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८मध्ये हे नियम लिहिले तेव्हा शब्दच धन आणि ऋण असे वापरले, संपत्ती आणि कर्ज. तीनचं कर्ज होतं, त्यात पाचचं आणखी झालं. आता कर्ज आठाचं. आठाची संपत्ती कशी होईल?

आणखी एक कर. चिन्ह संख्येचं असेल तर ‘ऋण’ म्हण आणि क्रिया असेल तर ‘वजा’ म्हण. ३ – (–५) हे ‘तीन वजा ऋण पाच’. पाचचं कर्ज काढून टाकलं, मग आठ. दोन्हींना ‘मायनस’ म्हणत राहिलीस तर कान फसतो.

प्रश्न : आमच्या घराण्यात गणित नाही. मी दहावीला दोनदा बसलो, माझे वडीलही त्यातलेच. मुलीचा रोजचा अभ्यास मी घेतो, पण तीही याच वळणावर चालली आहे. हे रक्तातलं कसं काढावं?
— एक वडील

उत्तर : हे वाक्य तिच्यासमोर बोलणं थांबवा, आजपासून. २०१५ साली अमेरिकेतल्या पहिली-दुसरीच्या मुलांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात गणिताची धास्ती असलेले आईवडील वारंवार गृहपाठ घेत होते, त्यांची मुलं वर्षभरात गणित कमी शिकली आणि त्यांची धास्तीही वाढली. असे आईवडील क्वचितच मदत करत होते, तिथे तसं दिसलं नाही. म्हणजे रक्ताच्या आधी कानावर संशय घ्यायला जागा आहे! तुम्ही अभ्यास घेऊ नका, तिच्याकडून शिका. ‘मला हे कधी कळलं नाही, तू सांग’ म्हणून समोर बसा. दोनदा दहावीला बसलेला माणूस प्रश्न चांगले विचारतो.

प्रश्न : आमच्या लहानपणी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी, औटकी सगळं तोंडपाठ असे. नातू आठवीत जाणार, त्याला ‘पावणेदोनशे’ म्हणजे किती ते कळत नाही. ‘एकोणसाठ’ म्हटलं की ६९ लिहितो. सुट्टीत सगळ्या पाढ्यांची घोकंपट्टी करून घ्यायचं ठरवलं आहे. योग्य ना?
— एक आजोबा

उत्तर : आजोबा, नमस्कार. अर्धं योग्य, आणि अर्ध्याबद्दल जरा भांडते.

औटकी सोडून द्या. साडेतीनचे पाढे मीही पाठ केले होते आणि मलाही ते अजून येतात, पण मला कशासाठी आले ते मी सांगू शकणार नाही. दीडकीचंही तेच. ‘बारा दिढे’ घोकण्यापेक्षा ‘बारा आणि बाराचे निम्मे’ असं त्याला स्वतः करता आलं, तर तो कुठलीही दिढी क्षणात काढेल.

पण ते शब्द, पाव, पाऊण, सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच, साडे, ते मात्र हातचे जाऊ देऊ नका. आपल्या बोलण्यातच अपूर्णांक भरलेले आहेत आणि आपण मुलांना ते वेगळा धडा म्हणून घाबरवत शिकवतो. गंमत बघा. सव्वादोन म्हणजे २.२५ आणि सव्वादोनशे म्हणजे २२५. ‘सव्वा’ तोच, पण एकदा एकाचा पाव, एकदा शंभराचा पाव. हजार आले की सव्वादोन हजार, २२५०. हे ज्या मुलाला बोलता येतं त्याला ‘कशाचा पाव?’ हा प्रश्न न शिकवता पडतो. पुढे शेकडेवारीत मुलं जिथे अडखळतात तो प्रश्न हाच, टक्के खरे, पण कशाचे?

तेव्हा पावणेदोनशे सांगून टाकू नका. ‘दोनशेला किती कमी?’ असं विचारा. पाव कमी. कशाचा पाव? शंभराचा. म्हणजे पंचवीस. उत्तर १७५ त्याच्या तोंडून येऊ द्या. मग ‘पाऊणशे’ आणि ‘सव्वाशे’ त्याने तुम्हाला विचारावेत. गाडीत, जिन्यावर, कुठेही. तुमचा आवाज चढला की खेळ बंद, असा नियम त्यालाच करू द्या.

एकोणसाठाबद्दल नातवावर रागावू नका, आपली संख्यानामं खरंच अवघड आहेत. ‘एकोण’ म्हणजे एक उणे, साठाला एक कमी. पण कानाला ऐकू येतात साठ, आणि हात सहा लिहून मोकळा होतो. त्रेपन्नमध्ये तीन आधी, पन्नास मागून, लिहिताना उलट. जर्मन मुलांनाही हेच सोसावं लागतं, तिथे एकवीसला ‘एक आणि वीस’ म्हणतात. फ्रेंचमध्ये सत्त्याण्णव म्हणजे ‘चार विसा सतरा’. चिनी मूल मात्र अकराला ‘दहा एक’ आणि एकवीसला ‘दोन दहा एक’ म्हणतं, त्यामुळे दशक-एकक त्याला आयते मिळतात. आपल्या नातवाला ते मिळालेले नाहीत, एवढाच त्याचा गुन्हा. त्याला एकदा सगळे ‘एकोण’ एका ओळीत लिहू द्या : एकोणीस, एकोणतीस, एकोणचाळीस... एकोणनव्वद. पुढे काय यायला हवं होतं? एकोणशंभर. पण आपण म्हणतो नव्याण्णव. हा अपवाद त्याचा त्याला सापडला तर तो एकोणसाठ जन्मात चुकणार नाही. तुम्ही आधी सांगितलंत तर मजा गेली.

प्रश्न : मी या वर्षी पहिल्यांदाच हायस्कूलच्या वर्गाला गणित शिकवणार आहे. वेगवेगळ्या शाळांतून मुलं येतात, निम्मा वर्ग पहिल्या दिवसापासून गप्प असतो असं सहकारी सांगतात. कुणाला काय येतं हे पाहायला पहिल्याच दिवशी चाचणी घ्यावी का?
— एक शिक्षिका

उत्तर : मी घेत असे. वीस गणितं, वीस मिनिटं, आणि दुसऱ्या दिवशी गुण मोठ्याने वाचून दाखवत असे. मला वाटायचं, कळू दे प्रत्येकाला आपण कुठे आहोत. एका मुलीला तीन मिळाले होते. पुढच्या चाचणीला तिने कोरा कागद दिला. बाजूला घेऊन विचारलं, तर म्हणाली, ‘चुकलं तर वाचून दाखवता. कोऱ्याचं काय वाचणार?’ त्या दिवसापासून मी गुण वाचणं सोडलं, पण ती मुलगी वर्षभर माझ्या तासाला खाली मान घालूनच बसली.

गणिताची धास्ती हा लाडावलेपणा नाही. माणसाला मनात एका वेळी थोड्याच गोष्टी धरता येतात. ‘चुकलं तर?’ हा विचार तिथली जागा अडवतो आणि हातच्याला जागा उरत नाही. ज्याला येतं त्याचंही चुकतं. २०११ साली जेरार्डो रामिरेझ आणि सियान बायलॉक या मानसशास्त्रज्ञांनी एक साधा उपाय तपासला. परीक्षेच्या अगदी आधी दहा मिनिटं मुलांनी आपली भीती कागदावर लिहायची. जास्त घाबरणाऱ्यांचे गुण त्याने सुधारले. मी माझ्या वर्गात पाचच मिनिटं देत असे आणि तो कागद फाडून टाकायची मुभा. फाडण्याचा आवाज फार समाधानाने करतात मुलं.

पहिल्या आठवड्यात चाचणीऐवजी संख्यांचं श्रुतलेखन घ्या. दहाच संख्या, गुण नाहीत, कागदावर नाव मात्र हवं. एकोणसाठ. सव्वाशे. त्र्याण्णव. एक लाख पाच. ऋण सात. तीन छेद चार. ‘पाच दशांश’ आणि ‘पाच शतांश’ लागोपाठ सांगा. एक लाख पाचला १,००,००५ऐवजी १,०५,००० लिहिणारे किती निघतात ते बघा, म्हणजे स्थानिक किंमत कुणाला पुन्हा दाखवायची ते तुम्हाला कळेल. वीस गणितांच्या चाचणीतून एवढं मला कधीच कळलं नाही.

मग फळ्यावर हे लिहा : ८ + ४ = ▢ + ५. बरेच जण चौकटीत १२ लिहितील, काही १७. बरोबर म्हणजे ‘आता उत्तर लिहा’ असं त्यांच्या हाताला शिकवलं गेलंय, आणि हेच मूल पुढे समीकरणाला घाबरतं. रॉबर्ट रेकॉर्ड या माणसाने १५५७मध्ये हे चिन्ह पहिल्यांदा छापलं तेव्हा दोन समांतर रेघा घेतल्या, कारण याहून सारख्या दोन गोष्टी असूच शकत नाहीत असं त्याचं म्हणणं. तुम्ही ते चिन्ह महिनाभर ‘तेवढेच’ असं वाचा. ‘आठ अधिक चार म्हणजे काहीतरी अधिक पाच, तेवढेच.’ सातावर मुलं आपण होऊन येतात.

गप्प मुलांना थेट उत्तर विचारू नका, ‘एकापेक्षा जास्त की कमी?’ एवढंच विचारा, हात वर किंवा खाली. आधी शेजाऱ्याशी बोलू द्या. आणि प्रश्न विचारला की थांबा. शिक्षक सरासरी एखादा सेकंदच थांबतात असं मेरी बड रो या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बाईंना वर्गांची निरीक्षणं करताना दिसलं होतं, तीनेक सेकंद थांबलं तरी मुलं जास्त सविस्तर उत्तरं देतात आणि नव्या मुलांचे आवाज येतात. मी मनात पाच मोजायचे. पहिले काही दिवस ते पाच फार लांब वाटतात, तोंड दाबून धरावं लागतं.

श्रुतलेखनाचे ते कागद मात्र टाकू नका, कपाटात बांधून ठेवा. सहामाही झाल्यावर ज्याचे त्याला परत द्या आणि वेगळ्या रंगाच्या पेनाने स्वतःच तपासायला सांगा. त्या तासाला वर्गात बराच गोंगाट होतो. शेजारच्या वर्गावरच्या बाईंना आदल्या दिवशीच सांगून ठेवा.